अमेरिकेत मेडिकलचा अर्ज: उशीर झालाय, यंदा करावा की वर्षभर थांबावं?

महाराष्ट्रात नीट दिलेल्या मुलाने सीईटी सेलचा पसंतीक्रम पहिल्या दिवशी भरला काय नि शेवटच्या रात्री भरला काय, गुणवत्ता यादीतला त्याचा नंबर हलत नाही. त्या पद्धतीची सवय असलेल्या आईबाबांना अमेरिकेतल्या एखाद्या कॉलेजच्या पानावर ‘अंतिम मुदत 1 नोव्हेंबर’ असं दिसलं, की ऑगस्टमध्येही भरपूर वेळ आहे असंच वाटतं. इथली रीत वेगळी आहे. बहुतेक मेडिकल कॉलेजांत प्रवेश ‘रोलिंग’ पद्धतीने होतात. अर्ज येतील तसे वाचले जातात, मुलाखतीची बोलावणी उन्हाळ्यातच निघू लागतात आणि एमडी (अमेरिकेत पदवीनंतर घ्यायची डॉक्टरकीची पहिली पदवी) कॉलेजांची प्रवेश दिल्याची पत्रं 15 ऑक्टोबरपासून जाऊ लागतात. मुदतीच्या दिवशी पोचलेला अर्ज स्वीकारला जातो, फीही घेतली जाते, पण तोवर मुलाखतीच्या बहुतेक तारखा वाटून झालेल्या असतात.

हा लेख अमेरिकेत कॉलेजात शिकणाऱ्या किंवा नुकतीच पदवी घेतलेल्या मुलामुलींसाठी आणि त्यांच्या आईबाबांसाठी आहे. जुलै, ऑगस्ट किंवा सप्टेंबर उजाडला आहे, अर्ज अजून गेलेला नाही, आणि घरात ‘भरून तर टाक, बघू काय होतं ते’ आणि ‘पुढच्या वर्षी नीट कर’ असे दोन्ही सूर लागले आहेत, त्यांनी पुढच्या पायऱ्या क्रमाने कराव्यात. आधी तारीख काढायची, मग अर्जाची ताकद तपासायची आणि शेवटी निर्णय घ्यायचा. घराघरांत हा क्रम उलटा होतो. निर्णय आधी ठरतो आणि तारखा त्यात कोंबल्या जातात.

पहिली पायरी: फाइल ‘पूर्ण’ कधी होणार ते काढा

एमडी कॉलेजांचा सामाईक अर्ज ‘एएमकॅस’ या सेवेतून जातो. तो मेच्या सुरुवातीला उघडतो, मेच्या शेवटच्या आठवड्यापासून सबमिट करता येतो आणि तपासून झालेल्या अर्जांची पहिली तुकडी जूनच्या अखेरीस कॉलेजांकडे जाते. सबमिटचं बटण दाबलं की अर्ज झाला, असं समजू नका. कॉलेज तुमची फाइल ‘पूर्ण’ झाल्यावरच वाचायला घेतं. त्यासाठी पाच गोष्टी लागतात: तपासलेला प्रायमरी (म्हणजे हाच सामाईक) अर्ज, एमकॅट या प्रवेश परीक्षेचे गुण, शिफारसपत्रं, त्या कॉलेजचा सेकंडरी अर्ज (फीसह), आणि कॉलेज मागत असेल तर कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू ही परिस्थितीजन्य प्रश्नांची परीक्षा. यातली जी सर्वांत शेवटी येईल, तिची तारीख ती तुमची खरी तारीख.

प्रायमरीची तपासणी म्हणजे व्हेरिफिकेशन. एएमकॅसचा माणूस तुम्ही भरलेला एकेक कोर्स आणि ग्रेड मूळ ट्रान्स्क्रिप्टशी (कॉलेजच्या गुणपत्रकाशी) ताडून पाहतो. पहिल्या दिवसांत सबमिट केलेला अर्ज लवकर सुटतो. जूनच्या मध्यापासून ऑगस्टपर्यंत मात्र रांग लांबते आणि चार ते सहा आठवडे धरून चालावं लागतं. या रांगेत तुमचा नंबर अर्ज सबमिट केल्यावर लागत नाही, तो सगळ्या ट्रान्स्क्रिप्ट पोचल्यावर लागतो. ‘सगळ्या’ म्हणजे अमेरिका-कॅनडातल्या ज्या ज्या कॉलेजात एक जरी कोर्स केला असेल त्या प्रत्येकाची. अकरावी-बारावीत हायस्कूलमधून ड्युअल एन्रोलमेंटमध्ये कम्युनिटी कॉलेजात केलेलं कॅल्क्युलस, उन्हाळ्यात घराजवळच्या कॉलेजात उरकलेलं फिजिक्स, हे विसरलं जातं आणि अर्ज आठवडेच्या आठवडे पडून राहतो. म्हणून अर्ज लिहायला घ्यायच्या आधीच एएमकॅसमधून ट्रान्स्क्रिप्ट विनंतीचा फॉर्म काढा आणि प्रत्येक रजिस्ट्रारकडे तो जोडून इलेक्ट्रॉनिक प्रत मागवा. कॉलेजची फी थकली असेल किंवा लायब्ररीचा दंड राहिला असेल तर रजिस्ट्रार ट्रान्स्क्रिप्ट अडवू शकतो, तेही त्याच दिवशी पाहून घ्या.

कोर्स भरताना ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवा, आठवणीतून भरू नका. चुका फार निघाल्या तर अर्ज दुरुस्तीसाठी परत येतो आणि आठवडे वाया जातात. पुन्हा दिलेल्या विषयाच्या दोन्ही ग्रेड दाखवाव्या लागतात. तुमच्या कॉलेजने जुनी ग्रेड पुसून टाकली असली तरी एएमकॅस दोन्ही मोजतं, त्यामुळे तिथला जीपीए (ग्रेडची सरासरी) तुमच्या कॉलेजने काढलेल्या जीपीएपेक्षा कमी निघू शकतो.

एमकॅट जानेवारीत आणि नंतर मार्च ते सप्टेंबर होते. निकाल साधारण एका महिन्याने लागतो. म्हणजे सप्टेंबरमध्ये परीक्षा दिली तर गुण ऑक्टोबरमध्ये. बाकी सगळं जुलैत तयार असलं तरी फाइल ऑक्टोबरमध्येच पूर्ण होणार. इथे एक बारीक गोष्ट आहे. हातात आधीचे चांगले गुण असूनही ‘आणखी एकदा देऊन बघते’ म्हणून पुढची परीक्षेची तारीख अर्जात लिहिली, तर बरीच कॉलेजं तो निकाल येईपर्यंत फाइल बाजूला ठेवतात. पुन्हा द्यायचं पक्कं नसेल तर ती तारीख लिहू नका.

शिफारसपत्रांसाठी प्रायमरी थांबत नाही. पत्रं नंतर आली तरी व्हेरिफिकेशन चालू राहतं, पण फाइल त्यांच्यावाचून पूर्ण होत नाही. सर्वसाधारणपणे विज्ञान शिकवलेल्या दोन प्राध्यापकांची आणि विज्ञानाबाहेरच्या एकाची पत्रं लागतात. प्रत्येक कॉलेजची अट वेगळी असते, ती वाचा. तुमच्या कॉलेजात प्री-हेल्थ कमिटी (मेडिकलला जाऊ पाहणाऱ्यांना मार्गदर्शन करणारी समिती) असेल तर तिच्या एकत्रित पत्रासाठीची नोंदणी बहुधा हिवाळ्यात किंवा वसंतात होऊन जाते. ती चुकली असेल तर काही मेडिकल कॉलेजं ‘कमिटी असताना पत्र का नाही’ असं विचारतात. त्याचं सरळ उत्तर तयार ठेवावं लागतं. ऑगस्टमध्ये प्राध्यापक सुट्टीवर असतात. पत्र मागितल्यापासून चार आठवडे धरा, त्याहून लवकर आलं तर बरंच.

सेकंडरी हा सगळ्यात जास्त वेळ खाणारा भाग. प्रायमरी कॉलेजकडे पोचली की काही दिवसांत प्रत्येक कॉलेज आपले निबंध पाठवतं: दोन ते सात-आठ छोटे-मोठे प्रश्न, प्रत्येक कॉलेजचे निराळे. ते दोन आठवड्यांत परत पाठवावेत असा संकेत आहे. वीस कॉलेजांचे पन्नास-साठ निबंध एकदम अंगावर येतात, आणि त्याच वेळी कॉलेजचं सत्र सुरू झालेलं असतं. उशिरा अर्ज करणाऱ्याला इथेच वेळ वाचवता येतो, कारण बरीच कॉलेजं दरवर्षी तेच प्रश्न थोड्या फरकाने विचारतात. ‘आमचंच कॉलेज का’, ‘अडचणीच्या प्रसंगी काय केलंत’, ‘तुमच्या येण्याने वर्गात काय भर पडेल’ हे तीन तर जवळजवळ सगळीकडे. व्हेरिफिकेशनच्या रांगेत असतानाच गेल्या वर्षीचे प्रश्न घेऊन मसुदे लिहून ठेवले तर तीन आठवड्यांचं काम एका आठवड्यात होतं.

आता एक हिशेब मांडून पाहू. समजा आज 10 ऑगस्ट आहे, एमकॅटचे गुण हातात आहेत, निबंध लिहून झाले आहेत. 12 तारखेला सबमिट केलं, शेवटची ट्रान्स्क्रिप्ट 20 तारखेला पोचली. तिथून पाच आठवडे व्हेरिफिकेशन म्हणजे 24 सप्टेंबर. सेकंडरी आल्या, मसुदे तयार नव्हते, तीन आठवडे गेले. फाइल पूर्ण होते ती ऑक्टोबरच्या मध्याला. कॉलेज ती वाचायला एक ते दोन महिने घेतं. मुलाखतीचं बोलावणं आलंच तर डिसेंबर-जानेवारीत येईल, आणि त्या वेळी मुलाखत देऊन मिळते ती कित्येकदा फक्त प्रतीक्षा यादीतली जागा. मसुदे तयार असते तर हीच फाइल सप्टेंबरच्या अखेरीच्या आसपास पूर्ण झाली असती. ‘ऑगस्टमध्ये अर्ज केला’ असं दोघेही म्हणतील, पण दोघांच्या शक्यता सारख्या नाहीत.

हा हिशेब कागदावर स्वतःच्या तारखा घालून करा. जिथे नक्की माहीत नाही तिथे लांबचीच तारीख घाला.

त्या तारखेचा अर्थ कसा लावायचा

जुलैअखेर किंवा ऑगस्टच्या मध्यापर्यंत फाइल पूर्ण होत असेल तर तुम्हाला उशीर झालेलाच नाही. जूनच्या पहिल्या आठवड्यात सबमिट झालं नाही म्हणून रडकुंडीला येणारी मुलं दिसतात, त्यांनी शांतपणे सेकंडरी लिहाव्यात. ऑगस्टअखेर ते सप्टेंबरचा पहिला पंधरवडा हा काठ आहे. तिथे अर्ज दमदार असेल तर पुढे जा. सप्टेंबरच्या मध्यानंतर आमचं मत थांबण्याकडे झुकतं. ऑक्टोबर उलटून जाणार असेल तर, पुढे सांगितलेले अपवाद सोडून, एमडीसाठी अर्ज करू नये असंच आम्ही सांगू. या तारखा कुठल्या नियमपुस्तकात छापलेल्या नाहीत, पण वर्षभरातल्या मुलाखती कधी वाटल्या जातात हे पाहिलं की त्या आपोआप मिळतात.

दुसरी पायरी: उशीर सोडला तर अर्ज कसा आहे?

हे तपासणं अवघड जातं, कारण उशीर हे सोयीचं कारण असतं. कमकुवत अर्ज जूनमध्ये पाठवला तरी कमकुवतच राहतो. दरवर्षी साधारण बावन्न-त्रेपन्न हजार जण एमडीसाठी अर्ज करतात आणि सुमारे तेवीस हजारांना प्रवेश मिळतो. निम्म्याहून जास्त जणांना त्या वर्षी कुठेच जागा मिळत नाही. प्रवेश मिळालेल्यांचे एमकॅटचे सरासरी गुण 528 पैकी 511-512 च्या आसपास आणि जीपीए 3.75 च्या वर असतो. तुमचे आकडे याच्या बरेच वर असतील तर काठावरची तारीख चालू शकते. आसपास असतील तर वेळेत पाठवलेला अर्ज हाच तुमच्या हातातला फायदा, तो उशीर करून घालवू नका. खाली असतील तर यंदा पाठवून आकडे बदलणार नाहीत. ते बदलायला वर्ष लागतं.

एमकॅट दिलेलीच नसेल तर सराव परीक्षांकडे पाहा. एएएमसीच्या (एमकॅट आणि एएमकॅस चालवणाऱ्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेच्या) स्वतःच्या पूर्ण लांबीच्या सराव परीक्षा, वेळ लावून, एका बैठकीत दिलेल्या, त्यातल्या शेवटच्या तिन्हींचे गुण तुमच्या लक्ष्याच्या जवळ नसतील तर सप्टेंबरची जागा सोडा. परीक्षेला गेलात आणि शेवटी गुण रद्द केलेत तरी ती फेरी मोजली जाते. नुसतं गैरहजर राहिलं तरीही मोजली जाते. वर्षात तीन, सलग दोन वर्षांत चार आणि आयुष्यात सात, एवढ्याच फेऱ्या आहेत. शिवाय वाईट गुण रेकॉर्डवरून जात नाहीत, पुढच्या सगळ्या अर्जांत ते दिसत राहतात.

आकड्यांपलीकडे मराठी घरांत एक उणीव सारखी दिसते. गुण उत्तम, प्रयोगशाळेतलं संशोधन भरपूर, पण रुग्णांजवळ घालवलेला वेळ नावापुरता. प्रवेश समितीला तुम्ही आजारी माणसाच्या जवळ बसलात का हे पाहायचं असतं: हॉस्पिसमधलं (अखेरच्या आजारातल्या रुग्णांच्या सेवेतलं) स्वयंसेवक काम, ईएमटी (रुग्णवाहिकेवरचं तातडीच्या उपचारांचं काम), मेडिकल स्क्राइब (डॉक्टरांसाठी नोंदी टिपणारा), नर्सिंग होममधला सहायक. ती पोकळी भरण्यासाठी डिसेंबरच्या सुट्टीत सांगली-नाशिकला मामांच्या हॉस्पिटलात दोन आठवडे काढले जातात. तिथे पाहणं, ऐकणं, नोंदी ठेवणं ठीक आहे. पण ‘मामांनी मला टाके घालू दिले’ हे अर्जात लिहिलं की ते तुमच्या विरुद्ध जातं. परवाना आणि प्रशिक्षण नसताना रुग्णावर हात चालवणं समितीला धोक्याचं लक्षण वाटतं, मग ते भारतात घडलेलं का असेना. मामांचं शिफारसपत्रही नको. रुग्णांबरोबरचे तास कमी पडत असतील तर ते वाढवायला थांबण्याइतकं चांगलं कारण दुसरं नाही.

एक कसोटी म्हणून आपला वैयक्तिक निबंध काढून वाचा. एएमकॅस त्याला 5,300 अक्षरं देतं. त्यात ‘आजोबा आजारी पडले तेव्हा मला डॉक्टर व्हायचं ठरलं’ याच्यापुढे स्वतः केलेलं काही सांगता येत नसेल, तर कमी पडतोय तो अनुभव. तो नसताना तारीख गाठूनही उपयोग होत नाही.

तिसरी पायरी: ‘भरून बघू’ची खरी किंमत

पैशांचा हिशेब सोपा आहे. एएमकॅसला पहिल्या कॉलेजसाठी सुमारे 175 डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी 46-47 डॉलर पडतात. वीस कॉलेजं म्हणजे हजारावर डॉलर. सेकंडरीची फी बहुतेक ठिकाणी 50 ते 150 डॉलर, म्हणजे आणखी दोन हजारांच्या आसपास. यातलं काहीही परत मिळत नाही. घरचं उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर एएएमसीची फी सवलत योजना जरूर पाहा. तीत एमकॅटची फी कमी होते आणि वीस कॉलेजांपर्यंतची एएमकॅस फी माफ होते. मात्र सवलत मंजूर होण्यापूर्वी भरलेली फी परत येत नाही, त्यामुळे घाईत आधी पैसे भरून टाकू नका.

पैशांपेक्षा मोठी किंमत पुढच्या वर्षात मोजावी लागते. यंदा नकार आला की त्या कॉलेजात तुम्ही पुन्हा अर्ज करणारे ठरता. त्यात कलंक नाही, अनेकांना दुसऱ्या वर्षी प्रवेश मिळतो. पण बरीच कॉलेजं सेकंडरीत सरळ विचारतात: गेल्या अर्जानंतर काय बदललं? उशिरा केलेल्या अर्जाचे नकार मार्च-एप्रिलपर्यंत येत राहतात आणि पुढचा एएमकॅस मेमध्ये उघडतो. मधल्या काळात बदलायला वेळच नसतो. हिवाळाभर इनबॉक्स उघडून मुलाखतीची वाट पाहण्यात एमकॅटचा अभ्यासही मागे पडतो. तेच निबंध पुन्हा पाठवले तर समितीला ओळखू येतात, नवे लिहायचे तर सांगण्यासारखं नवं काही नसतं. काही कॉलेजं एका विद्यार्थ्याला किती वेळा अर्ज करता येईल यावर मर्यादाही घालतात. एक अख्खी फेरी अर्धवट अर्जावर खर्चू नका.

आणि सबमिट झालेली प्रायमरी गोठते. त्यानंतर कॉलेजं वाढवता येतात, पत्रं जोडता येतात, पण निबंध आणि पंधरा अनुभवांच्या नोंदी बदलता येत नाहीत. रात्री दोनला, मुदतीच्या धास्तीने पाठवलेला निबंधच वीसही कॉलेजांत वाचला जातो.

थांबण्याचीही किंमत आहे

थांबणं फुकट आहे असं कोणी सांगितलं तर ते खरं नाही. डॉक्टर म्हणून पूर्ण पगाराचं एक वर्ष कमी होतं, आणि ती रक्कम लहान नसते. एमकॅटचे गुण बहुतेक कॉलेजं दोन-तीन वर्षांपर्यंतच धरतात. तुमची परीक्षा जुनी असेल तर एका वर्षाच्या थांबण्याने ती पुन्हा द्यावी लागेल का, हे प्रत्येक कॉलेजच्या अटींत पाहा. एएएमसीच्या ‘एमसार’ या माहितीसंचात ही अट कॉलेजवार मिळते, थोडे पैसे भरून वर्षभर वापरता येतो.

एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर असलेल्या मुलांनी हा भाग दोनदा वाचावा. 21 वर्षं पूर्ण झाली की आईबाबांच्या व्हिसावर राहता येत नाही, एफ-1 (विद्यार्थी व्हिसा) किंवा दुसरा मार्ग काढावा लागतो. पदवी संपल्यावर मधल्या वर्षात काम करायचं तर त्याचीही परवानगी लागते. त्यातच बरीच मेडिकल कॉलेजं, विशेषतः सरकारी, फक्त नागरिक आणि ग्रीनकार्डधारकांनाच घेतात. परदेशी विद्यार्थ्यांना घेणारी काही कॉलेजं फीची मोठी रक्कम आधीच जमा करायला सांगतात, आणि सरकारी शैक्षणिक कर्ज त्यांना मिळत नाही. ग्रीनकार्ड पुढच्या काही महिन्यांत येण्याची खरी शक्यता असेल तर एक वर्ष थांबल्याने उघडणाऱ्या कॉलेजांची संख्या कित्येक पटींनी वाढते. उलट रांग दहा-दहा वर्षांची असेल तर थांबून ती सुटणार नाही. तेव्हा इमिग्रेशन वकिलाशी बोलून मगच मधल्या वर्षाचा निर्णय घ्या.

गॅपची भीती मात्र मनातून काढून टाका. आपल्याकडे बारावीनंतरचं एक वर्ष ‘वाया गेलं’ म्हणतात आणि नातेवाईक फोनवर विचारत राहतात. अमेरिकेत मेडिकलला जाणाऱ्यांतले निम्म्याहून बरेच जास्त जण पदवीनंतर एक किंवा जास्त वर्षं काम करून आलेले असतात. समितीच्या डोळ्यांत ते अगदी साधं आहे. आरोग्य विमाही वयाच्या 26 व्या वर्षापर्यंत आईबाबांच्या पॉलिसीवर चालू ठेवता येतो.

उशीर झाला तरी अर्ज करावा असे अपवाद

प्रायमरी जूनमध्येच एका कॉलेजसाठी सबमिट होऊन व्हेरिफाय झाली असेल आणि आता फक्त कॉलेजं वाढवायची असतील, तर तुम्ही उशिरा आलेल्यांत मोडत नाही. नव्या कॉलेजांसाठी पुन्हा व्हेरिफिकेशन लागत नाही. एमकॅटचा निकाल येईपर्यंत एका कॉलेजवर अर्ज रांगेत लावणं आणि गुण पाहून यादी पक्की करणं ही चांगली पद्धत आहे, पुढच्या वर्षीही वापरा.

डीओ, म्हणजे ऑस्टिओपॅथिक कॉलेजांचा सामाईक अर्ज ‘एएकोमॅस’मधून जातो. तिथली तपासणी बहुधा लवकर होते, मुदती हिवाळ्यापर्यंत आणि काहींच्या वसंतापर्यंत जातात, आणि ऑक्टोबरचा अर्ज तिथे एमडीइतका उशिराचा ठरत नाही. भारतातल्या नातेवाइकांना ही पदवी अनोळखी वाटते, पण अमेरिकेत डीओ हा पूर्ण परवाना असलेला डॉक्टर असतो आणि 2020 पासून दोन्ही पदव्यांच्या रेसिडेन्सी (पदवीनंतरचं हॉस्पिटलातलं प्रशिक्षण) एकाच मान्यतेखाली आहेत. एक मात्र आधी ठरवा: डीओ कॉलेजचं प्रवेशपत्र आलं तर जाल का? तिथे जागा राखायला भरायची अनामत हजार-दोन हजार डॉलर किंवा जास्तही असते आणि बहुधा परत मिळत नाही. मिळालेली जागा सोडून पुढच्या वर्षी पुन्हा अर्ज केला तर ते स्पष्ट करणं जड जातं. ‘नाही’ असं उत्तर असेल तर अर्जच करू नका.

टेक्सासच्या रहिवाशांचं गणित निराळं आहे. तिथल्या सरकारी कॉलेजांत परराज्यातल्या विद्यार्थ्यांना कायद्याने दहा टक्क्यांच्या वर जागा देता येत नाहीत, त्यामुळे ह्यूस्टन-डॅलसच्या मुलांना घरच्या राज्यात मोठा आधार आहे. अर्ज ‘टीएमडीसॅस’मधून जातो आणि कितीही कॉलेजं निवडली तरी फी एकच. पण चक्रही लवकरचं आहे: अर्ज मेच्या मध्यापासून घेतले जातात, मुलाखती उन्हाळ्यातच सुरू होतात आणि ‘मॅच’च्या (विद्यार्थी आणि कॉलेजांच्या पसंतीक्रमांच्या जुळणीच्या) आधीच ऑक्टोबरच्या मध्यापासून थेट प्रवेश दिले जातात. मुदत ऑक्टोबरच्या अखेरीच्या आसपास असली तरी सप्टेंबरमध्ये आलेला अर्ज तिथे खूपच मागे पडतो.

अर्ली डिसिजनचा मोह उशिरा आलेल्यांना हमखास होतो, कारण त्यात एकाच कॉलेजला अर्ज करायचा असतो. मुदत 1 ऑगस्टच्या सुमारास आणि निर्णय 1 ऑक्टोबरपर्यंत. तोवर दुसरीकडे अर्ज करता येत नाही. नकार आला तर ऑक्टोबरमध्ये शून्यापासून सुरुवात. त्या कॉलेजच्या प्रवेश कार्यालयाशी आधी बोलणं झालं असेल आणि तुमचा त्या राज्याशी पक्का धागा असेल तरच विचार करा.

कॅरिबियन कॉलेजं वर्षातून दोन-तीन वेळा प्रवेश देतात आणि उत्तर आठवड्यांत येतं. हताश झालेल्या मुलाला ते फार गोड वाटतं. तिथे प्रवेश सोपा असतो, पण मधेच गळणाऱ्यांचं प्रमाण आणि शेवटी रेसिडेन्सी मिळणं हे अवघड भाग आहेत. यूएसएमएलई या डॉक्टरी परवाना परीक्षेची पहिली पायरी जानेवारी 2022 पासून फक्त पास-नापास झाल्याने उत्तम गुणांनी उठून दिसण्याची एक वाटही बंद झाली आहे. अमेरिकेत वेळेवर केलेले एमडी आणि डीओ असे दोन्ही अर्ज होऊन गेल्याखेरीज हा रस्ता धरू नये. पुण्यात किंवा नवी मुंबईत एनआरआय कोट्यातून एमबीबीएस हाही पर्याय घरात निघतो. त्यासाठी नीट द्यावीच लागते, आणि परत येऊन डॉक्टरी करायची तर यूएसएमएलई आणि रेसिडेन्सी दोन्ही उरतातच.

जायचं ठरलं तर

आज ट्रान्स्क्रिप्ट मागवा आणि शिफारसपत्रांसाठी ईमेल करा. या दोन गोष्टी तुमच्या हाताबाहेर आहेत, म्हणून आधी. कॅस्पर किंवा प्रीव्ह्यू लागत असेल तर पहिली मिळेल ती तारीख घ्या. निकाल पोचायला काही आठवडे लागतात आणि हंगामाच्या शेवटी तारखा कमी होतात. प्रायमरी एका कॉलेजसाठी सबमिट करून रांगेत लावा. मग यादी आखा. उशीर झालाय म्हणून तीस-पस्तीस नावं टाकू नका. एवढ्या सेकंडरी कोणी नीट लिहू शकत नाही. आधी आपल्या राज्यातली सगळी सरकारी कॉलेजं, मग परराज्यातले विद्यार्थी खरोखर घेणारी खासगी. दुसऱ्या राज्यातलं सरकारी कॉलेज परराज्यातून किती जणांना घेतं हे एमसारमध्ये पाहिल्याशिवाय नाव टाकलं तर फी वाया जाते. सेकंडरी येईपर्यंत मसुदे लिहीत राहा आणि ज्या कॉलेजची सेकंडरी आली तिचं उत्तर आठवड्याच्या आत पाठवा. शेवटी प्रत्येक कॉलेजच्या पोर्टलमध्ये जाऊन ‘पूर्ण’ असं दिसतंय का ते स्वतः तपासा. एखादं पत्र एएमकॅसला पोचलं पण त्या कॉलेजला जोडायचं राहिलं, एवढ्यावर फाइल महिनाभर अडलेली असते आणि कोणी कळवत नाही.

थांबायचं ठरलं तर

शिफारसपत्रं आत्ताच मागा. ज्या प्राध्यापकाने तुम्हाला मे महिन्यापर्यंत पाहिलं, त्याला सप्टेंबरमध्ये तुम्ही आठवता, पुढच्या जूनमध्ये आठवालच असं नाही. पत्र इंटरफोलिओसारख्या सेवेत ठेवता येतं आणि वसंतात त्याच प्राध्यापकाला विनंती करून त्यावरची तारीख नवी करून घेता येते. रुग्णांबरोबरचं काम सप्टेंबरमध्ये सुरू करा. मेमध्ये सुरू केलेलं काम अर्जात फक्त ‘होणार आहे’ असं लिहावं लागतं. जीपीए उचलायचा असेल तर पदवीनंतरचे विज्ञानाचे कोर्स शरद सत्रापासूनच घ्या म्हणजे दोन सत्रांच्या ग्रेड अर्जात दिसतील. एमकॅट मार्च ते मेच्या सुरुवातीच्या दरम्यान ठेवा, निकाल जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हातात येतो आणि गरज पडली तर उन्हाळ्यात एक फेरी शिल्लक राहते. आणि कमिटीच्या पत्राची नोंदणी. पदवी घेऊन बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्यांनाही ती बहुतेक ठिकाणी मिळते, पण तारीख हिवाळ्यातच असते. प्री-हेल्थ कार्यालयाला या महिन्यातच ईमेल करून ती विचारून घ्या.